उन्हाचं पाणी

रंगनाथतात्या कुणाच्याही घरात शिरले, की आधी भिंतीला तळहात लावायचे. नळ गळतोय म्हणून बोलावलेलं असो की फ्यूज उडाला म्हणून, पाना-पक्कड उंबऱ्यात ठेवून ते सरळ पश्चिमेची भिंत गाठत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात तिला लावून, डोळे मिटून उभे राहत. नव्या बिऱ्हाडकरूंना वाटे, ओल तपासताहेत. मग हात काढून ते म्हणत, "वाया चाललंय. समदं वाया चाललंय."

वाया चाललेली वस्तू म्हणजे ऊन. नगरच्या दगडी इमारती दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती धग बाहेर टाकत बसतात, हे इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे. आम्ही त्याला उकाडा म्हणतो आणि बाजा बाहेर काढतो. तात्यांना मात्र त्यात मोठं नुकसान दिसे. एवढी आच आली, भिंतीत साठली आणि कुणाची एक भाकरीसुद्धा न भाजता निघून गेली, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

आमची इमारत शिक्षणसंस्थेने आपल्या नोकरांसाठी बांधलेली, दोन मजली. बांधली तेव्हापासून ती कुठून ना कुठून गळत होती. तात्या तिच्या देखभालीला होते. मूळचे पाथर्डीकडचे. तरुणपणी ऊसतोडीला जात. पुढे कुणाच्या तरी ओळखीने संस्थेत चिकटले आणि जिन्याखालच्या खोलीत एकटेच राहू लागले. नळाचे वायसर, तुंबलेल्या मोऱ्या, निखळलेल्या कड्या, यात त्यांचा दिवस जाई. वरचं नीट करून खाली यावं तोवर खालचं बिघडलेलं असे. खाली नीट होईतो वरून कुणीतरी हाक मारलेली असे. ते चिडत नसत. काम झालं की दोन पावलं मागे सरून त्याकडे बघत आणि म्हणत, "बसलं. पन किती दिस पुरायचं?"

हा प्रश्न ते कशालाही लावत. कुलकर्णीकाकूंच्या मुलीच्या लग्नात मांडवाला दिव्यांच्या माळा होत्या. नवरानवरी समोर उभी, पाहुणे अक्षता टाकून बसलेले, आणि तात्या वर बघत मोठ्यांदा म्हणाले, "झ्याक हाय. पन किती दिस पुरायचं?" काकू पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मोरी तुंबली तेव्हाच बोलल्या. "मी कोळशाचं म्हनत हुतो वो," तात्या परोपरीने सांगत होते. "वीज कोळशावरच हुतीया ना!"

संध्याकाळी ते माझ्याकडे वर्तमानपत्र ऐकायला येत. "मास्तर, विजेचं काय लिवलंय आज?" विजेचं काही नसलं, तर ते स्वतःच सुरू करत.

"दगडी कोळसा म्हंजी धान्याचं पेव हाय बगा. जमिनीत कुनीतरी भरून ठिवलं, आन आपन नुसतं उपसून खातोय. भरतंय का कोन? न्हाई. मंग?"

वाऱ्यावरही त्यांचा डोळा होता. "सुप्याच्या माळावर यष्टीतून उतरलं की टोपी धरावी लागती. ते वारं काय नुसतं टोप्या उडवायला हाय?"

एकदा मी अणूपासून होणाऱ्या विजेची बातमी वाचून दाखवली.

"अनू दिसतो का?"

"नाही."

"मंग संपत आला, हे कळायचं कसं?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "रंगनाथा, तुझी अक्कल तरी कुठे दिसते? पण संपल्याचं आम्हाला कळलंच की नाही?"

तात्या खूश होऊन हसले. आईने काही टोचून बोलल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. सगळी इमारत तिला आक्का म्हणे.

मग दुष्काळाचं साल आलं. नळाला दिवसाआड पाणी, रॉकेलला रांगा, वखारीत लाकूड नाही. जे मिळे ते ओलं, नुसतं धुमसणारं. आमचा बंब थंड पडला. आईचा क्रम मात्र बदलला नाही. पहाटे आंघोळ, मग देव, मग चहा. ऐन थंडीत गार पाण्याचे तांबे अंगावर घ्यायची आणि कुडकुडत देवापुढे बसायची. सांधे आधीच धरलेले. देव झाले, की तिला हाताला धरून उठवायला लागे. डॉक्टर म्हणाले, "गरम पाणी द्या, नाहीतर रोजची आंघोळ बंद करा."

"मेले की करते बंद," आई म्हणाली.

तात्या तेव्हा आमच्या मोरीतला नळ खोलून बसले होते. पाना हातात तसाच धरून ते बाहेर आले.

"आक्का, मी देतो गरम पानी. काय बी न जाळता."

"मंत्र मारणार आहेस?"

"न्हाई. ऊन."

गच्चीवर डांबराचं एक रिकामं पिंप पडलं होतं. ते त्यांनी घासलं, बाहेरून काळं केलं, आडवं मांडलं आणि फुटक्या तावदानांच्या काचा वर बसवल्या. त्यात कळशीभर पाणी ओतलं. डांबराच्या वासाने संस्थेचे सेक्रेटरी वर आले.

"हे काय आहे?"

"सूर्व्याचा बंब, सायेब."

"काढून टाका. गच्ची गळली तर तुमची खोली गेली समजा."

"गच्ची आदीपासनं गळतीया की, सायेब."

ते खरं होतं, म्हणूनच सेक्रेटरी जास्त रागावून गेले. तात्यांनी पिंप काढलं नाही. पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवलं.

त्या दुपारी ते धापा टाकत खाली आले. "आक्का, उठा! चटका बसतोय पान्याचा! न्हाऊन घ्या!"

आई जेवून लवंडली होती. "आत्ता? भरदुपारी आंघोळीला मी काय म्हैस आहे?"

"सूर्व्याला सकाळचं जमत न्हाई, आक्का."

"मग त्याला सांग, आक्काला दुपारचं जमत नाही."

झालं. आता दुपारचं ऊन पहाटेपर्यंत राखायचं होतं. तात्यांनी पिंपाला पोती गुंडाळली, भुसा भरला, वरून स्वतःची गोधडी घातली. पहाटे पाणी गार. मग कुठूनशी बैलगाडीभर उसाची वाळली पानं, म्हणजे पाचट, आणवून त्यात ते पिंप पुरलं. "तोडीवर आमी थंडीचं ह्याच्यातच निजायचो. अंगाला घाम फुटायचा," असं सांगताना त्यांचा चेहरा अगदी खात्रीचा होता. दुसऱ्या दिवशी उजाडता ते टोपी डोळ्यांवर ओढून जिना उतरले. मी विचारण्याआधीच म्हणाले, "निवलं."

इमारतीला करमणूक झाली. "काय तात्या, सूर्य तापला का?" असं येणारा-जाणारा विचारी. तात्या नुसते हात हलवत. मोऱ्या तुंबायच्या थांबल्या नव्हत्या, थंडी वाढत होती, आणि आई उतरत चालली होती. देवापुढून आता ती लवकर उठतच नसे.

"रंगनाथा, जरा घाई कर बाबा," ती एकदा म्हणाली. "मी तरी किती दिवस पुरायची?"

तात्या हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले.

आणि एका पहाटे दारात बादली दिसली. पाण्यावर वाफ होती. मागे तात्या उभे.

"आक्का, उन्हाचं पानी."

आईने बोटं बुडवली आणि झटकन काढली. "अग बाई, कढत आहे की रे! विसण आण, विसण!"

विसण हा शब्दच आमच्या घरातून गेला होता. कढत पाण्यात ओतायला गार पाणी मागायची वेळ आली नव्हती ना! मी तांब्या भरून दिला. त्या दिवशी ती मोरीत बराच वेळ होती, आणि मला तिचं स्तोत्र बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

मग रोज बादली येऊ लागली. आईच्या सांध्यांना थोडा आराम पडला, जिभेला तर भलताच जोर चढला. कुणी तात्यांवरून काही बोललं, की ती फटकारी, "हसा, हसा. उद्या रॉकेल संपलं की त्याच्याच पाया पडाल." तात्यांनी मात्र बढाई मारली नाही, याचं मला नवल वाटे. गच्चीवर येऊन बघतो म्हटलं, की ते म्हणत, "नगा मास्तर. उगडलं की निवतं." वर्तमानपत्र ऐकायलाही कमी येऊ लागले. थकल्यासारखे दिसत.

माघात आई गेली. आंघोळ झाली होती, देव झाले होते. चहा राहिला. मी कप घेऊन गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, आणि टेकून बसलेलं माणूस इतकं स्थिर नसतं, एवढंच मला कळलं.

राहुरीहून बहीण येईतो दुपार झाली. नेण्याआधी घालायच्या शेवटच्या आंघोळीसाठी बायकांनी अंगणात तीन विटा मांडल्या. मिळाली तेवढी लाकडं स्मशानात गेली होती, चुलीला मिळेनात. कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "अहो तात्या, तुमचं उन्हाचं पाणी आणा की. आक्कांना तेच आवडायचं. आत्ता तर चांगलं तापलंही असेल."

तात्यांनी मान हलवली. "त्याला डांबराचा वास मारतोय, काकू. आक्काला कसं चालंल?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. तात्या जिन्याखाली गेले आणि हातात फळकुटं घेऊन आले. खाली बसून त्यांनी ती विटांमध्ये सारली. फळकुटांना आमच्या इमारतीच्या दारांचा हिरवा रंग होता. एकाला बिजागरी तशीच लोंबत होती. आचेने रंग फुगला, मग काळा पडला, आणि पाणी तापायला लागलं.

स्मशानातून परतल्यावर सगळे वर गेले. मी जिन्याखाली थांबलो. तात्यांच्या खोलीला दार नव्हतं. चौकटीत पोतं टांगलेलं होतं. आत ते जमिनीवर बसले होते.

"तात्या, दार?"

"वाळवी लागली हुती."

"दाराला?"

"आन खिडकीला." थोड्या वेळाने म्हणाले, "बाजंला बी."

मी पोत्याबाहेरच उंबऱ्यावर टेकलो. तात्या आतूनच बोलू लागले.

"पाचटात लई झालं तर कोमट ऱ्हातं, मास्तर. आक्काला कोमट कसं द्यायचं? आन मी तर बोलून बसल्तो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पन खोटं न्हाई बोललो त्यास्नी. झाड उन्हावरच वाढतं का न्हाई? मंग लाकूड बी ऊनच की. वाळवून ठिवलेलं."

"सेक्रेटरी विचारतील."

"इचारू द्या. शिंगनापूर अख्खं बिनदाराचं ऱ्हातंय. माझ्यात न्यायला काय हाय?"

आम्ही दोघंही थोडं हसलो. मग ते पोत्याकडे बघत राहिले.

"माझी माय गेली तवा मी तोडीवर हुतो. म्हातारी मानसं गावातच ठिवून जातो ना आमी. सांगावा आला तवर लोकांनी उरकलं हुतं. तिला न्हाऊ घातलं तवा पानी तापवलं हुतं का, एवढं इचारायचं हुतं. पन कुनाला इचारायचं? ज्यांनी केलं त्यांचे उपकारच की. त्यास्नी असं इचारावं का?"

वरून बहिणीने हाक मारली तेव्हा उठलो.

दहाव्याला आम्ही सीनेच्या काठी गेलो. नदीत पाणी नव्हतं, म्हणून घागरी घरून नेल्या होत्या. मुलाने डोई करायची, म्हणून मी न्हाव्यापुढे बसलो. त्याने आधी पाणी लावून डोकं भिजवलं. माझं झालं आणि मी उठलो, तर त्या जागी तात्या येऊन बसले. टोपी काढली, खिशात घातली. न्हाव्याने वस्तरा खाली घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमी कोन मयताचे?"

आमचे भटजी, मेहुणे, सगळे वळून बघू लागले. तात्या गोंधळले. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसासारखे झाले क्षणभर.

"त्याच इमारतीत ऱ्हातो मी," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

न्हावी अजून माझ्याकडेच बघत होता. मी घागरीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तात्यांच्या डोईला लावलं.