हा बोका आपलाच ना?

जावईबापू कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत आणि घरी त्यावरून सासूबाईंशी भांडत. चांगलं काय, वाईट काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं त्यांचं ठाम मत. सासूबाई म्हणत, "ते देवाने केव्हाच ठरवलंय. तुमच्या कॉलेजला कुणी विचारलं नव्हतं."

अशा विद्वानाला एका संध्याकाळी सासूबाईंचा बोका जनावरांच्या दवाखान्यातून आणायला पाठवलं, कारण बायको ऑफिसात अडकली होती. कंपाउंडरने टोपली पुढे केली.

"हा आपलाच ना?" जावईबापूंनी विचारलं.

"हो, आपलाच!" कंपाउंडर अदबीने म्हणाला.

जावईबापूंना वाटलं, याने ओळखला. कंपाउंडरला वाटलं, मालकांनी ओळखला. बोका नक्की कुणाचा, ते राहूनच गेलं.

घरी टोपली उघडली. एरवी बोका आधी कुणाला तरी ओरबाडायचा आणि मग दुधाकडे वळायचा. हा थेट सासूबाईंच्या मांडीवर जाऊन घुरघुरू लागला. जावईबापूंनी निरखून पाहिलं. घरच्या बोक्याचा डावा कान फाटका होता. याचे दोन्ही शाबूत. पण सासूबाईंचा चेहरा असा खुलला होता, की जावईबापूंनी ते सांगायचं टाळलं. सगळे सुखात आहेत, मग यात वाईट ते काय?

"बघितलंत, कसा शांत झालाय? माझ्या प्रार्थनेचा गुण!" सासूबाई म्हणाल्या. "आता तरी देवाला हात जोडा."

जावईबापूंनी मुकाट्याने हात जोडले. शेजारीण आली, बोका मांडीवर घेऊन बघितला आणि हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासाठीही सांगा ना देवाला. त्यांचाही स्वभाव याच्या आधीसारखाच आहे." मग कुणी सुनेचं नाव दिलं, कुणी साहेबाचं.

आणि एका सकाळी कंपाउंडरचा फोन आला. "सर, आपला बोका बरा आहे ना? इथे एक गृहस्थ आलेत. त्यांचा बोका इथून नेल्यापासून घरभर सगळ्यांना ओरबाडतोय. वैतागून नसबंदीला आणलाय. डॉक्टर हात धुताहेत."

"थांबवा त्यांना!" जावईबापू ओरडले आणि तसेच सासूबाईंपुढे जाऊन उभे राहिले. "आई, हा बोका आपला नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चुकलं माझं."

सासूबाई मान खाली घालून बसल्या. "मलाही माहीत होतं. कान चाचपला होता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी वर्षं ओरबाडून घेतलं हो! वाटलं, म्हातारपणी जरा प्रेमाने वागणारं कुणी मिळालंय. ठेवू का, असं देवाला रोज विचारत होते. तो काही बोलला नाही. मी होच समजले."

"आणि देवाने ठरवून दिलेलं ते?"

"ते तुम्हाला सांगायला! पण त्या डॉक्टरांच्या हातात माझा बोका आहे ना? चला, रिक्षा बघा आधी!"

दवाखान्यात बोका टेबलावर पोचलाच होता. सासूबाईंना पाहताच त्याने त्यांच्या मनगटावर पंजा मारला. "माझं सोनं ते!" म्हणत त्या रडू लागल्या. त्या गृहस्थांनी टोपलीतून आणलेला आपला गरीब बोका छातीशी धरला आणि जावईबापूंचे इतके आभार मानले, की त्यांना कुठे बघावं कळेना.

घरी आल्यावर जावईबापू वाटेत बोक्याने काढलेल्या ओरखड्यांना मलम लावत होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, "देवा, तुझे उपकार आहेत रे बाबा. तू गप्प बसलास. पण बोलणारा जावई दिलास."