सोमवारचं मौन आणि फुकटची सीडी

"आज या संगणकाचा उद्धार करतो का न्हाई बघ!" मासिकाबरोबर आलेली सीडी गोरक्षनाथानं निरांजनासारखी ओवाळली. "लिनक्स! जगभरच्या माणसांनी मिळून बनवलंय, आन् फुकट वाटलंय. चोरीची विंडोज वापरायचं पाप आजपासून बंद!"

नेवाशात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या नवऱ्याच्या तोंडी पाप हा शब्द ऐकून रोहिणीला बरं वाटलं. फुकट वाटतात, म्हणजे अन्नदानच की! तिनं त्या अनोळखी माणसांना मनातल्या मनात नमस्कार केला. मनातल्या मनातच, कारण श्रावणी सोमवार होता. आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे. लिहून सांगणं म्हणजेही बोलणंच, असं आईनं शिकवलेलं.

आई, केशरबाई, गेल्या पौषात गेली. शेवटचं वर्ष ती लेकीकडेच होती. खाटेवरून जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि नवरा क्लासला गेला की रोहिणी शेजारी बसून त्या याच संगणकात उतरवायची. दुसरीकडे त्या कुठंच नव्हत्या.

"सगळी डिस्क पुसू का, विचारतंय," गोरक्षनाथ पडद्याला नाक लावून म्हणाला. "पुस बाबा. क्लासचे जुने धडेच तर हायेत."

रोहिणीच्या हातातली बेलाची परडी पडली. ती धावत आली, दोन्ही हात जोरजोरात हलवू लागली.

"आरती नंतर घेतो गं!"

आता? तिनं फतकल मारली, एक पाय लांब केला, नसलेल्या जात्याचा नसलेला खुंटा धरला आणि गरागरा हात फिरवला. ओठ ओवी म्हटल्यासारखे हलवले. नाटक कंपनीत असती तर पहिलं बक्षीस!

गोरक्षनाथ बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"आरं तिच्या, दळण! संध्याकाळी उपास सोडायला पीठच न्हाई, व्हय ना?"

तिनं त्याची बाही ओढली.

"दामटू नको, हा निघालोच!" जाता जाता त्यानं एंटर दाबलं, ज्वारीचा डबा उचलला आणि सायकल काढली.

पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. मध्येच बटण बंद केलं तर यंत्र बिघडतं, असं त्यानं तिला शंभरदा बजावलेलं. ती हात जोडून उभी राहिली. महादेवा, माझा हात नको लागायला, तूच लाईट घालव! रोज दुपारी न चुकता जाणारी लाईट त्या दिवशी मात्र पाहुण्यासारखी ठाण मांडून बसली होती.

"थांब रे!" ती ओरडली. पट्टी थांबली नाही. मौन तेवढं मोडलं.

गोरक्षनाथ कोमट पिठाचा डबा घेऊन आला, तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती.

"आईच्या ओव्या होत्या त्यात," ती हळू म्हणाली.

"अगं, मग बोलायचं ना!" तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं. डबा त्यानं उंबऱ्यावरच ठेवला.

देवापुढं दिवा लागला. गोरक्षनाथ हुकमाची वाट बघत लुकलुकणाऱ्या काळ्या पडद्यासमोर जाऊन बसला. "आठवतील तेवढ्या सांग. मी उतरवतो. मराठी अक्षरं न्हाईत यात, इंग्रजी अक्षरांत लिहितो."

रोहिणीनं डोळे मिटले. काहीच येईना. मग हात आपोआप गोल फिरू लागला. या वेळी गोरक्षनाथ डब्याकडे गेला नाही.

"प्रवरेच्या पाण्या, हळू चाल रे बाबा, लेक माझी पलीकडं..."

"पुढं?"

पुढचं येईना. त्यानं आहे तेवढी ओळ नीट टिपली, एंटर दाबलं. पडद्यावर लगेच इंग्रजीत काहीतरी उमटलं.

"काय म्हणतंय?" तिनं आशेनं विचारलं.

गोरक्षनाथानं चष्मा काढून पुसला.

"म्हणतंय, असलं काही इथं सापडत न्हाई."