सतरा नंबरची गळती

आमच्या निवासी शाळेच्या जुन्या वसतिगृहाचं छप्पर गळायचं. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती. तक्रारीसाठी वेगळा अर्ज आहे. पाऊस आला की मुलं पलंग सरकवायची, बादल्या लावायची आणि डोक्यावर छत्री धरून व्याकरण पाठ करायची. दुरुस्तीचा खर्च फीमधून भागण्यासारखा नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

माझ्याकडे म्हणजे माजी विद्यार्थी जिव्हाळा विभागाकडे. मी या विभागाचा प्रमुख. शाळेतून बाहेर पडलेल्यांना शाळेबद्दल जिव्हाळा वाटतो का हे पाहणं, वाटत नसल्यास तो निर्माण करणं आणि निर्माण झालेला जिव्हाळा धनादेशाच्या रूपात जमा करून घेणं, अशी माझ्या नेमणूकपत्रात कामाची व्याख्या आहे. वर्षअखेरपर्यंत छपराला दाता मिळाला नाही, तर विभाग बंद करून त्याची खोली बादल्या ठेवायला देण्यात येईल, असं मुख्याध्यापकांनी मला तोंडी आणि लेखी कळवलं होतं. बायकोला मी फक्त तोंडी कळवलं. ती म्हणाली, "बादल्यांचा निदान उपयोग तरी होतो."

दाता माझ्या नजरेत होता. आमचाच माजी विद्यार्थी, गळतीप्रतिबंधक रंगाचे तीन कारखाने. छपरासाठी याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. त्याला आम्ही दरवर्षी पत्र पाठवत असू: 'आपलं हसतमुख व्यक्तिमत्त्व शाळेच्या आठवणीत आजही ताजं आहे.' हेच पत्र आणखी चार हजार दोनशे जणांना जात असे, त्यांतले काही हयात नव्हते. या वर्षी प्रथमच कारखानदाराचं उत्तर आलं.

'छप्पर देतो. पण शाळेला माझ्याबद्दल खरोखर आठवत असलेली एक गोष्ट कळवा. एकच.'

मी संगणक उघडला. त्यात कारखानदाराच्या लग्नाची तारीख होती, तीन पत्ते होते, बुटांचं माप होतं आणि 'तापट, दुपारनंतर फोन करावा' असा शेरा होता. शाळेतल्या वर्षांबद्दल मात्र फक्त प्रवेश क्रमांक, उंची आणि पलंग क्रमांक सतरा, एवढंच.

"आठवत नाही म्हणजे काय?" मुख्याध्यापक म्हणाले. "आठवा."

"सर, मी तेव्हा इथे नव्हतो."

"मी तरी कुठे होतो? संस्था म्हणून आठवा."

संस्था म्हणून आठवण्यासाठी तातडीने एक उपसमिती नेमण्यात आली. क्रीडाशिक्षकांनी सुचवलं, अंतिम सामन्यातला गोल लिहा, गोल मारलेला कुणी नाकारत नाही. आम्ही लिहिलं. उत्तर आलं, 'त्या वर्षी माझा पाय प्लास्टरमध्ये होता.' मग चित्रकलेच्या शिक्षकांनी एका जुन्या सामूहिक फोटोतला गोड चेहऱ्याचा मुलगा निवडून त्याच्याभोवती लाल गोल काढला. उत्तर आलं, 'तो मी नाही. तो मला मारायचा. आता शेवटची संधी.'

शेवटी मी जुन्या सामानाच्या खोलीत शिरलो. धूळ नाकात गेली, कोटाची अस्तनी फाटली, पण धुलाईवही हाती लागली. तारीख, पलंग क्रमांक, काय बदललं, कारण, असे तिच्यात चार रकाने होते. पलंग क्रमांक सतरा पानोपानी होता. 'चादर बदलली. कारण: छप्पर गळलं.' एका वर्षात त्र्याण्णव वेळा, ऐन उन्हाळ्यातसुद्धा.

बांधकामाच्या फायलीत पुढचा भाग सापडला. गळतीची नोंद झाली की त्याच दिवशी गवंडी छपरावर चढवायचा, असा नियम होता. गवंड्याला गळती दिसत नसे. पण काहीही न करता खाली उतरण्याची नियमात तरतूद नव्हती, म्हणून तो दोन-चार कौलं काढून पुन्हा बसवत असे. त्र्याण्णव वेळा काढून बसवल्यावर ती कौलं कायमची हलली, आणि तेव्हापासून छप्पर खरोखर गळू लागलं. मधल्या काळात मुलाचा पलंग दुसऱ्या टोकाला नेण्यात आला, तर गळती त्या टोकाला गेली. पलंग खालच्या मजल्यावर आणला, तर वरचा मजला कोरडा ठेवून छप्पर खालच्या मजल्यावर गळलं. त्यावर अभियंत्याचा शेरा होता: 'गळती विद्यार्थ्याबरोबर फिरते. कारण समजत नाही.'

उपसमितीलाही समजलं नाही. भूगोलाच्या शिक्षकांनी वाऱ्याच्या दिशेचा अभ्यास करायला महिनाभर मागून घेतला. मला मात्र समजलं. माझ्या घरी पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच सकाळी मी त्याची गादी खांद्यावर टाकून गच्चीवर वाळत घालून आलो होतो.

वहीतली सही मावशींची होती. मावशी म्हणजे वसतिगृहाच्या धुलाईघरात उभं आयुष्य काढलेल्या बाई. आता बसथांब्यामागे दोन खोल्यांत राहतात. मी गेलो तेव्हा त्या उशीच्या खोळीला टाके घालत होत्या.

"हे अक्षर तुमचंच ना, मावशी?"

"माझंच. का, काय चुकलं?"

"उन्हाळ्यातही छप्पर गळलं म्हणून लिहिलंय."

"कारण लिहिल्याशिवाय कोरडी चादर मिळायची नाही. आणि ती वही वॉर्डनसाहेब सकाळच्या रांगेत मोठ्यानं वाचायचे, सगळ्या पोरांपुढं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आठ वर्षांचं लेकरू. घंटेआधी मी उठवायची, चादर ओढायची, गादी उलटी करायची. तोवर ते भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. मग मी काय लिहायला हवं होतं?"

"त्यांना हे कळवलं तर शाळेला छप्पर मिळेल. शाळेला त्यांच्याबद्दल आठवत असलेली ही एकच खरी गोष्ट आहे."

"शाळेला कुठं आठवतंय? मला आठवतंय. आणि मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगायचं नाही. शब्द द्या."

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"दुसरी मिळेल," त्या म्हणाल्या आणि पुढची खोळ घेतली.

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. सहा वर्षं जिव्हाळ्याचा पगार घेत होतो, आणि ते काम मावशी कुठल्याही पदाशिवाय करून बसल्या होत्या. रिकाम्या हातानं कचेरीत परतलो आणि पत्र लिहिलं: 'आपल्या पलंगावरचं, म्हणजे पलंग क्रमांक सतरावरचं, छप्पर गळत असे, अशी शाळेच्या दप्तरी नोंद आहे. याव्यतिरिक्त कोणतंही कारण दप्तरी नोंदलेलं नाही.'

"ही आठवण आहे?" मुख्याध्यापक म्हणाले. "ही तर आपणच आपल्याविरुद्ध केलेली तक्रार झाली." पण मुदत संपत आली होती, म्हणून त्यांनी सही केली.

आठवड्याच्या आत पूर्ण छपराचा धनादेश आला. सोबत चिठ्ठी होती. 'माझ्या नावाची पाटी लावू नये. मावशी असतील, तर त्यांना सांगा, छप्पर आता गळत नाही.'

मी धावत जाऊन मावशींना निरोप दिला. त्यांनी हातातली खोळ बाजूला ठेवली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ठाऊक होतं मला. पाचवीत गेलं की थांबतं बहुतेकांचं."

"बहुतेकांचं म्हणजे?"

"पुढची पानं वाचली नाहीत वाटतं तुम्ही."

मी वाचेपर्यंत उशीर झाला होता. माजी विद्यार्थ्यांना छपरात विशेष रस असतो, असा निष्कर्ष मुख्याध्यापकांनी काढला होता. तेच पत्र पलंग क्रमांक बदलून सर्व चार हजार दोनशे जणांना रवाना करण्याचा आदेश निघाला. थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मी शब्द देऊन बसलो होतो.

पंधरा दिवसांत सातशे अकरा धनादेश आले. कुणी पावती मागितली नाही, कुणी पाटी मागितली नाही. बऱ्याच जणांनी 'हा विषय इथेच संपवावा' एवढंच लिहिलं होतं. एक जाडजूड पाकीट 'खासगी' असा शिक्का मारून आमच्या संस्थेच्या अध्यक्षांकडून आलं. तेही इथलेच माजी विद्यार्थी, पलंग क्रमांक चार.

जुन्या वसतिगृहावर आता नवं छप्पर आहे आणि माझी खोली बादल्यांपासून वाचली आहे. यश पाहून मुख्याध्यापकांनी मोहीम वाढवली. जे आमच्या शाळेत कधीच नव्हते, त्यांनाही पत्रं पाठवायची आहेत. त्यांचे पलंग क्रमांक आमच्याकडे नाहीत, पण ते लागतच नाहीत, असा अनुभव आहे. तेव्हा आपणही पत्ता तेवढा कळवावा. आपण मघाशी वाचता वाचता थांबून खोलीत आणखी कुणी आहे का ते पाहिलंत, त्याची नोंद आम्ही 'छप्पर गळलं' अशीच केली आहे.