वारा सांगणारे चिंचोलकर

चिंचोलकर रोज संध्याकाळी दार वाजवून आम्हाला वारा सांगत. "वहिनी, आज वायव्येकडून. काही झालंच तर आडवं पळायचं, वाऱ्याबरोबर नाही." एवढं बोलून पुढच्या दाराशी. चहाला म्हणून कधी टेकले नाहीत. एकदा माझ्या ऐन हळदीकुंकवात येऊन त्यांनी जमलेल्या बायकांना पळायची दिशा समजावली. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, हा माणूस आहे की रेडिओ?

ते राज्याच्या पर्यावरण खात्यात होते. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, नेमकं आमच्या ब्लॉकच्या गच्चीवर, खात्याचं हवा मोजायचं यंत्र बसवलेलं. त्यातले काळवंडलेले कागद बदलायला ते यायचे. कागद नाकाशी धरून सांगायचे, काल अयोध्या नगरकडे कुणीतरी टायर जाळलेत. खात्याला आकडे लागत, यांना नाक पुरायचं.

इथवर सगळी गंमत होती. पण एव्हाना वसाहत निम्मी ओस पडली होती, आणि चिंचोलकर कुलूप लागलेल्या क्वार्टरांचीही दारं वाजवायचे. एकदा भाजी घेऊन येताना मी माझ्या कानांनी ऐकलं. खिडकीतून पिंपळ उगवलेल्या घरासमोर उभं राहून त्यांनी वारा सांगितला. मग गप्प राहिले, आतून कुणी बोलत असावं तशी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "हो, पोरांनाही सांग." त्या दिवसापासून मी तो रस्ताच सोडला. आणि खोटं कशाला बोलू, गॅलरीत जाऊन ओलं बोट हवेत धरायची सवय मलाही लागली.

वर ते यंत्र डोक्यावर सारखं घरघरायचं. मध्येच बंद पडायचं, तेव्हा तर हवेत काही झालं की काय अशी भीती वाटायची. वैतागून मी खात्याकडे अर्ज केला: आवाजाचा त्रास होतो, यंत्र हलवा.

चौकशीला आलं कोण? चिंचोलकरच. त्या दिवशी मी वहिनी नव्हते, 'अर्जदार' होते. त्यांनी मला मिक्सर बंद करायला लावला, तीन खोल्यांत आवाज मोजला आणि स्वतःच्या यंत्राविरुद्ध स्वतःच्या हातानं लिहिलं: तक्रार खरी आहे, यंत्र हलवावं.

मी चाटच पडले. म्हटलं, अहो, हा स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? यंत्र गेलं की तुमचं इथलं येणं संपलं.

"आवाज जास्त आहे. खोटं कसं लिहू?"

मी चहा ठेवला. पहिल्यांदाच ते बसले आणि कपाकडे बघत आपणहून बोलायला लागले. चौऱ्याऐंशी साली गॅसगळतीच्या त्या रात्री ते जुन्या शहरात बहिणीकडे राहत होते. दोन पोरांना घेऊन ती दारात उभी होती, कुठल्या बाजूनं जाऊ विचारत होती.

"मी म्हणालो, ताई, इकडून पळ. वारा तिकडेच चालला होता. मी बघितलाच नव्हता."

शेजाऱ्यांना उठवायला मागे राहिले म्हणून ते स्वतः वाचले. ताई आणि पोरं नाही.

 मी म्हटलं, मी अर्ज मागे घेते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तक्रार खरी निघाली, आता ती मागे कशी घेणार? त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली. ती सही मला आजही डाचते.

दारात ते थबकले. "वहिनी, आता तुम्हाला वारा कोण सांगणार?"

"तुम्हीच या की. यंत्र जाऊ दे, तुम्ही नुसते बसायला या."

"कामाशिवाय?" त्यांनी विचारलं, आणि इतकं बिचकून विचारलं की मला भडभडून आलं. कामाशिवायही कुणाच्या घरी जायचं असतं, हे त्या माणसाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.