पंचवीस टक्क्यांच्या आत

लोककथांतील उपवासांचे वर्गीकरण करण्यात माझी एकवीस वर्षे गेली. (ग्रंथ छापला गेला आहे. ग्रंथालयातून तो आजवर दोनदा नेला गेला, त्यांपैकी एकदा मीच नेला.) अशा माणसाला उपवासात अपयश यावे, ही गोष्ट मी शांतपणे लिहू शकत नाही.

संतापाचे मूळ माझ्या छातीत आहे आणि हे विधान अलंकारिक नाही. पुरुषाला शोभेल त्याहून ती बरीच भरलेली आहे. तीस वर्षे मी छातीशी फाईल धरून व्याख्याने दिली. अखेर शस्त्रक्रियेचे ठरवले, तेव्हा सर्जन म्हणाले, "ग्रंथी मी काढीन. चरबी मात्र तुम्ही पंचवीस टक्क्यांच्या आत आणून दाखवा. नाहीतर ही तारीख गेली, पुढची सहा महिन्यांनी."

तारखेला वीस दिवस उरले होते आणि चरबी सत्तावीस टक्के होती. म्हणून मी चरबी मोजणारा वजनकाटा घरी आणला. मेहुण्याने तो हिच्या फोनला जोडून दिला. "दोघांची माहिती भरलीय, भावोजी. अनवाणी उभं राहायचं, बाकी सगळं त्याचं तो बघतो."

मी अन्न जवळजवळ सोडले. अकराव्या दिवशी आकडा सव्वीसवर आला. बाराव्या दिवशी तो अडतीस झाला.

"अगं, तू माझ्या सूपमध्ये काही घालतेस का?"

"तुम्ही सूप सोडून तीन दिवस झाले."

"मग चरबी येते कुठून?"

"रागानं वाढत असेल. दुसरं काय आहे तुमच्या पोटात?" असे म्हणून हिने माझ्यासमोर पावाला दुसऱ्यांदा लोणी लावले.

कथांचा दाखला स्पष्ट आहे. फळ मिळाले नाही की नायक उपवास अधिक कडक करतो. मोजमापावर संशय घेणारा नायक मला एकवीस वर्षांत भेटलेला नाही. शेवटचा दीड दिवस मी पाणीही सोडले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी भूलतज्ज्ञबाईंनी माझी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"पाणी कधी प्यायलात?"

"परवा."

"कागदावर लिहिलं होतं, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल."

"मी त्याहून पुष्कळ आधी थांबवलं."

"मग काय, शाबासकी देऊ? आज भूल मिळणार नाही."

तारीख गेली. हाताला सलाईन लावलेल्या अवस्थेत मी बाईंवर, रुग्णालयावर आणि एकंदर वैद्यकशास्त्रावर जे बोललो, ते छापण्याजोगे नाही. अडतीस टक्के चरबी घेऊन माणसाने दुसरे काय करायचे होते?

"अडतीस?" काट्याच्या नोंदी पाहायला बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या हिचा फोन मागून घेतला. "तुमच्या नावावरची नोंद नऊ दिवसांपूर्वीच थांबलीये. पुढचे सगळे आकडे यांच्या नावावर आहेत. हा काटा वजनावरून माणूस ओळखतो. तुमचं वजन उतरत यांच्या वजनापाशी आलं. त्यानं तुम्हाला बाई समजून बायकांच्या सूत्रानं चरबी काढली."

(छाती पाहून नव्हे, वजन पाहून, हेही त्यांनी सांगितले. दोनदा सांगितले.)

"तरीच," ही म्हणाली. "रोज सकाळी फोन माझं अभिनंदन करायचा. म्हटलं, काही न करता उतरतंय तर दोन घास जास्त खायला काय हरकत आहे?"

इतक्यात सर्जन आले. त्यांनी रुग्णालयाच्या यंत्रावर माझी चरबी मोजली. साडेचोवीस.

"अहो, हे तर जमलेलंच होतं. नीट खाऊन-पिऊन आला असतात तर एव्हाना टेबलावर असतात."

घरी येताच हिने समोर ठेवलेले सगळे मी संपवले आणि त्या काट्याला जाब विचारण्यासाठी त्याच्यावर उभा राहिलो. स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. हिने निरोप मोठ्याने वाचला. "वजन किंचित वाढले आहे. खचून जाऊ नका, ताई."