अंगणातला रस्ता

आमच्या शेजारचे रंगनाथकाका स्वतःचं अंगण ओलांडताना आधी डावीकडं बघतात, मग उजवीकडं, अन् मगच पाऊल टाकतात. अंगणात असतं काय, तर एक मांजर अन् वाळत घातलेल्या कुरडया. पण काकांच्या मते तिथं रस्ता आहे. शहराचा सुधारित विकास आराखडा जाहीर झाला, त्यात आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीतून एक रस्ता दाखवला, अन् तो नेमका काकांच्या अंगणातून जातो. झालं! त्या दिवसापासून काका त्या रस्त्यावरच राहायला गेले.

मी विरजण मागायला गेले तर खेकसले, "ताई, बाजूला व्हा! रस्त्यात उभ्या ऱ्हायल्या तुम्ही." मालनकाकूंची तुळस त्यांनी मागच्या दारी नेली. का, तर वाहतुकीला अडथळा. काकू बिचाऱ्या मला म्हणाल्या, "जलमात कधी सिनेमाला नेलं नाय, अन् आता मला फुटपाथ दाखवतेत!"

"आराखड्यात हाय" हे काकांचं पालुपद. नळाला पाणी नाही? "टाकी आराखड्यात हाय." डास लई झाले? "गटार आराखड्यात हाय." एकदा भर उन्हातनं घामाघूम होऊन आले. म्हटलं, काका, छत्री तरी न्यायची. तर म्हणाले, "कशाला? रस्त्याच्या कडंनं झाडं हायत की, आराखड्यात!"

बाकी गल्लीला मात्र हसू सुचत नव्हतं. रस्ता झाला तर कुणाचं अंगण जाणार, कुणाची मोरी, अन् माझा तर अख्खा जिनाच. महापालिकेनं हरकती मागवल्या होत्या, म्हणून मीच पुढाकार घेऊन अर्ज लिहिला: रस्ता रद्द करा. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांचे धाकटे भाऊ विशूकाका, त्यांनीही केली. रंगनाथकाकांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "रस्ता व्हायलाच पायजे," म्हणाले. मी अशी चिडले, की चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

विशूकाकांचं घर काकांच्या घराला लागूनच, एकाच जागेत. अंगणात मधोमध भिंत. ती पूर्वी नव्हती. विशूकाकांच्या पोरीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले, अन् सख्ख्या थोरल्या भावाला बांधायचा राहिला. गडबडीत राहिला हो! पण रंगनाथकाका न जेवता उठून आले. विशूकाकाही समजूत काढायला गेले नाहीत. "थोरला हाय तर त्यानं समजून घ्यावं," असं त्यांचं म्हणणं. बोलणं तुटलं, मग भिंत आली. दोघांनी मिळून बांधली. तेवढं एकच काम एकमतानं झालं.

सुनावणीला आम्ही सगळी गल्ली रिक्षात कोंबून गेलो. जागेचे मालक म्हणून काकांचं नाव पुकारलं, तसे ते साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

"तुमची हरकत काय?" साहेबांनी विचारलं.

"हरकत नाय साहेब. रस्ता ठेवा."

"अहो, तुमचंच अंगण जातंय. तरी?"

काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "साहेब, मधी एक भिंत हाय. रस्ता आला की ती पडंल."

"कोणाची भिंत?"

"आमचीच. निम्मी माझी, निम्मी विशूची."

"मग पाडून टाका की! त्याला आराखडा कशाला पाहिजे?"

"असं कसं साहेब?" काका म्हणाले. "मी पाडली तर मी नमलो. त्यानं पाडली तर त्यो नमला. सरकारनं पाडली, तर कुणाचीच मान खाली नाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. एवढं रस्ता, रस्ता करत होते ते यासाठी! मला एकदम भरून आलं, अन् चार दिवसांच्या अबोल्याची लाज वाटली.

तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. विशूकाका उठले, घसा खाकरला अन् म्हणाले, "साहेब, त्या अर्जातली माझी सही तेवढी खोडा."

निर्णय अजून यायचाय. माझा जिना राहतो की जातो, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून ठकठक ऐकू आली, म्हणून मी धावत बाहेर गेले. दोघे म्हातारे आपापल्या बाजूनं भिंतीच्या विटा काढत होते. अन् रंगनाथकाकांच्या डोक्याला चक्क गुलाबी फेटा! एका कानावर पार घसरलेला. विशूकाकांना कधी नीट बांधता आलाय?

"काका, आराखडा मंजूर व्हायचाय अजून!" मी ओरडले.

"मालूम हाय," काका म्हणाले. "पर सरकारी काम हाय, येळ लागतो. आपून जरा हात लावावा."

दुपारपर्यंत माणूस जाईल एवढी वाट झाली. पलीकडून विशूकाकांनी हाक मारली, "दादा, ये, च्या झालाय."

काकांनी हातोडी खाली ठेवली, फेटा सावरला. आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, अन् रस्ता ओलांडला.