आचार्यांची लोड टेस्ट

"तीन महिने? आणि तेही न बोलता?" लिफ्ट-इन्स्पेक्टरांनी चहाचा कप इतक्या जोरात आपटला की बशीला तडा गेला.

"मौन शिबिर आहे. फोनसुद्धा चालत नाही," बायको शांतपणे म्हणाली. हल्ली ती सगळंच शांतपणे म्हणायची आणि त्यानेच इन्स्पेक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ही सगळी त्या आचार्यांची करणी. हे गृहस्थ बुद्धाचं ध्यान शिकवायचे, पण अंगात टी-शर्ट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि पूर्वी म्हणे जाहिरात कंपनीत होते.

"काल साबण विकत होता, आज शांती विकतोय! खरा कशावरून?"

"ते स्वतःच म्हणतात, आधी पारखून घ्या. उद्या घरी येतायत, घ्या पारखून. एकदा जरी चिडले ना, तर मी शिबिराला जाणार नाही. शब्द देते."

इन्स्पेक्टरांचे डोळे चमकले. पारखणं हाच तर त्यांचा धंदा! क्षमतेपेक्षा जास्त वजन लादून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर एकही लिफ्ट पास केली नव्हती. अपवाद फक्त राहत्या इमारतीतल्या लिफ्टचा. त्या दिवशी पोटात कावळे ओरडत होते, शिवाय लिफ्ट आपल्याच घरची. सही ठोकून ते सरळ वर जेवायला गेले होते.

खरं सांगायचं तर त्यांचा राग आचार्यांवर नव्हताच. तीन महिने स्वतःच कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, याचीच त्यांना धास्ती होती. पण हे बायकोला सांगण्यापेक्षा आचार्यांना चिडवणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आचार्यांना गेटापाशी भर उन्हात ताटकळत ठेवलं. आचार्य घाम पुसत हसले.

"तुम्ही ते जाहिरातवाले ना?" इन्स्पेक्टरांनी खोचकपणे विचारलं.

"हो, साबणाच्या करायचो. खूप खोटं बोललो त्या काळात."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? इन्स्पेक्टर वैतागले. तेवढ्यात त्यांना लिफ्टपाशी शेजारी दिसले. ते घरात घालायच्या नव्या फरशांची खोकी वर न्यायला निघाले होते.

"आणा, आणा! सगळी आत घाला!" इन्स्पेक्टरांनी आचार्यांना कोपऱ्यात दाबून खोकी रचायला सुरुवात केली.

"अहो, वजन जास्त होईल," शेजारी म्हणाले.

"जास्त झालं तर घंटा वाजेल ना! लिफ्टचं मला शिकवताय?"

घंटा वाजली नाही. शेजाऱ्यांना उभं राहायला जागाच उरली नाही, म्हणून ते जिन्याने निघाले. लिफ्ट कण्हत कण्हत निम्म्यापर्यंत चढली आणि दोन मजल्यांच्या मध्येच गचका देऊन थांबली. पंखाही बंद पडला.

"काय झालं?" आचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अडकलो," इन्स्पेक्टर म्हणाले आणि त्यांनी मदतीचं बटण दाबलं. तेही मुकंच.

"मला बंद जागा सहन होत नाही!" आचार्य दारावर धपाधप हात मारू लागले. "उघडा! अरे, कुठल्या गाढवाने पास केली ही लिफ्ट? समोर आणा त्याला!"

चिडले! चांगले लालबुंद झाले! इन्स्पेक्टरांनी खरं तर नाचायला हवं होतं, पण ते खोक्यांच्या आड तोंड लपवू लागले.

"असतात हो काही लोक बेजबाबदार," ते पुटपुटले.

बऱ्याच वेळाने लिफ्टवाल्याने दार उघडून दोघांना ओढून बाहेर काढलं. समोर बायको आणि शेजारी उभे होते.

"बघ, तुझे आचार्य..." इन्स्पेक्टरांनी जोरात सुरुवात केली आणि ते अडखळले. आचार्य चिडले हे सांगायचं, तर कोणावर तेही सांगावं लागणार होतं.

"ताई, मी आत फार चिडलो," आचार्यच म्हणाले. "घाबरलो होतो. ही लिफ्ट पास करणाऱ्याला गाढव म्हणालो. कोण आहेत ते कळलं, तर मला माफी मागायचीय."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांनीही पाहिलं. इन्स्पेक्टर एकाग्र चित्ताने खोक्यावरचा पत्ता वाचू लागले.

चहा घेऊन आचार्य जिन्याने उतरून गेल्यावर इन्स्पेक्टरांनी धीर केला. "काही झालं तरी ते चिडलेच. आता तू जायचं नाहीस."

"नाही जात. पण माणूस खरा निघाला, म्हणून शिबिरातली माझी जागा वाया घालवली नाही. तुमचं नाव दिलं. रजा साठलीच आहे तुमची."

"माझं? अगं, तीन महिने? तुझ्याशिवाय मी एक दिवस तरी राहू शकतो का?"

बायको हातातली कपबशी घेऊन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले.

"हे आधी बोलला असतात, तर मी शिबिराचं नाव तरी काढलं असतं का?"

"मग आता बोललो ना! कर फोन आणि नाव काढून टाक."

"छे हो," ती डोळे पुसत म्हणाली. "एका लिफ्टमध्ये अडकलात तर एवढं बोलायला लागलात. तीन महिन्यांनी काय काय बोलाल!"